पत्त्याचा रकाना

हिंदमाताच्या पुलाखाली एक आजी बसते. ती जालन्याकडची आहे, सत्तरी ओलांडलेली आहे आणि तिचे गुडघे गेले आहेत, हे मला पुढे कळलं. पहिल्यांदा तिनं हात पुढे केला तेव्हा मी घरात शिकवलेला नियम पाळला : पैसे द्यायचे नाहीत, खायला द्यायचं. कोपऱ्यावरच्या गाडीवरून वडापाव आणून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला नाही. मांडीजवळची पिशवी उघडून दाखवली. आत तीन वडापाव, दोन केळी आणि द्रोणात कुणाच्या तरी नवसाचा शिरा होता. गुरुवार होता तो.

"ताई, खायाला लई झालं," ती म्हणाली. "संडासला जायाला पैसे दे."

त्या दिवसापासून मला माझा नियम टिकवता आलेला नाही.

'पैसे नको, अन्न द्या' ही शिकवण आपल्या सुशिक्षित घरांत फार खोल रुजली आहे. तिच्यामागे दुष्टपणा नाही. आपले पैसे दारूत जाऊ नयेत, कुठल्या टोळीच्या हाती पडू नयेत, एवढीच काळजी असते. पण त्या काळजीत एक गोष्ट न बोलता ठरून गेलेली असते : समोरच्या माणसाला काय हवं, ते त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं. आजीच्या पिशवीनं मला दाखवलं की मला काहीच कळत नव्हतं.

रस्त्यावर राहणं फुकट नसतं. घरात नळ असतो, मोरी असते, संडास असतो, दाराला कडी असते, भिंतीत प्लग असतो, औषधं ठेवायला फडताळ असतं. आपण या गोष्टी मोजत नाही, कारण त्या सगळ्या भाड्यात किंवा हप्त्यात एकदमच आलेल्या असतात. पुलाखालच्या माणसाला त्यांतली एकेक गोष्ट रोज सुटी विकत घ्यावी लागते. सार्वजनिक शौचालयाचे पैसे वेगळे, आंघोळीचे वेगळे. फोन चार्ज करायला पानवाल्याची मिनतवारी किंवा पाच-दहा रुपये. पावसाळा आला की मेणकापड, आणि वाऱ्यानं फाटलं की दुसरं. बाईमाणूस असेल तर दर महिन्याचा खर्च आणखी. गुडघ्याला लावायचं मलम, खोकल्याचं औषध. सरकारी रुग्णालयात गोळ्या मिळतात, पण त्यासाठी सकाळपासून रांगेत उभं राहायला हवं, आणि तेवढ्या वेळात गाठोडं कोण सांभाळणार? जागा सोडली की सामान चोर तरी नेतो, नाहीतर महापालिकेची गाडी. आजी संडासला जाते तीही शेजारणीला राखण करायला सांगून. त्या राखणीचीही परतफेड असते, कधी चहानं, कधी दोन रुपयांनी.

आणि अन्न? दादर-परळच्या पट्ट्यात ते मुबलक येतं, पण आपल्या पंचांगाप्रमाणे. मंगळवारी गणपतीचं, गुरुवारी साईबाबांचं, शनिवारी मारुतीचं, मधेच कुणाच्या वाढदिवसाचं किंवा वर्षश्राद्धाचं. त्या दिवशी इतकं येतं की पडून राहतं, आणि पुलाखाली शिळं अन्न ठेवायला फ्रिज नसतो. बुधवारी मात्र कुणालाच पुण्य नको असतं. भूक वार पाहून लागत नाही, म्हणून बुधवारी आजी भुर्जीपाव विकत घेते. त्याला पैसेच लागतात.

आता दारूचा मुद्दा. मी तो टाळणार नाही. ज्यांना आपण पैसे देतो त्यांतले काही जण ते दारूत घालवतात, मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आपण नाही म्हटल्यानं त्या माणसाची दारू सुटल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. व्यसन भिकेवर जगत नाही. भीक थांबली तर आधी जेवण सुटतं, मग औषध, आणि दारू सर्वांत शेवटी सुटते किंवा सुटतच नाही. व्यसन सोडवायचं तर डॉक्टर, देखरेख, झोपायला सुरक्षित जागा आणि परत येण्यासाठी कुणीतरी माणूस लागतं. यातलं काहीही माझ्या नकारातून तयार होत नाही.

हातात रोख आली की गरीब माणूस ती उधळतो ही समजूत तपासून पाहणारेही आहेत. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये संशोधकांनी ५० बेघर माणसांना प्रत्येकी साडेसात हजार डॉलर एकरकमी दिले, कोणतीही अट न घालता. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पैसे न मिळालेल्यांच्या तुलनेत या लोकांनी वर्षभरात सुमारे ९९ दिवस कमी बेघर अवस्थेत काढले, आणि दारू-सिगारेटवरचा त्यांचा खर्च वाढला नाही. या अभ्यासाची मर्यादा सांगायलाच हवी : फार व्यसनाधीन माणसांना त्यात घेतलेलंच नव्हतं. शिवाय साडेसात हजार डॉलर आणि सिग्नलवरचे दहा रुपये यांची बरोबरी होत नाही. पण बेघर आणि व्यसनी हे दोन शब्द आपण एका श्वासात उच्चारतो, ते चूक आहे एवढं तरी त्यातून दिसतं.

आपल्याकडे सरकारनं या प्रश्नाला दिलेलं सर्वांत जुनं उत्तर अटकेचं आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यात भीक मागण्याची व्याख्या इतकी पसरट आहे की गाणं म्हणणं, नाचणं, भविष्य सांगणं, वस्तू विकण्याच्या निमित्तानं हात पसरणं हे सारं तिच्यात बसतं. उपजीविकेचं कोणतंही दिसणारं साधन नसताना सार्वजनिक जागी फिरत राहणं, हेही बसतं. म्हणजे गरीब दिसणं पुरेसं आहे. पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. अनेक राज्यांनी हाच कायदा उचलला. दिल्लीत तो लागू होता, तिथल्या उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ रोजी त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. सक्तीनं भीक मागायला लावणाऱ्यांविरुद्ध सरकारनं हवा तर वेगळा कायदा करावा, एवढी वाट मोकळी ठेवली. निकाल दिल्लीपुरता होता. ज्या मुंबईचं नाव त्या कायद्याला आहे, तिथे तो उभाच राहिला.

या भिक्षेकरी गृहांत डांबलेल्या माणसांकडून काम करून घेतलं जातं. त्याचा मेहनताना १९६४ पासून महिन्याला पाच रुपये होता. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो दिवसाला चाळीस रुपये केला. झालं ते चांगलंच झालं. पण साठ वर्षं ज्या रकमेकडे कुणाला ढुंकून पाहावंसं वाटलं नाही, ती रक्कम पुनर्वसनाच्या नावाखाली दिली जात होती, हे विसरता येत नाही. 'भिकाऱ्याला भीक देऊ नका, काम द्या' असं आपण म्हणतो. आपल्या राज्यानं काम दिलं तेव्हा त्याचा भाव हा होता.

अलीकडे आणखी एक तऱ्हा निघाली आहे. नागपुरात २०२३ च्या मार्चमध्ये जी-२० चे पाहुणे यायच्या सुमारास चौकांत भीक मागण्यावर बंदी घातली गेली. इंदूरनं तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणंच गुन्हा ठरवलं, आणि त्याच महिन्यात मंदिराबाहेर दहा रुपये देणाऱ्या एका वाहनचालकावर गुन्हा दाखल झाला. इंदूरच्या प्रशासनानं निवारे आणि पुनर्वसनाचं कामही हाती घेतलं होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण मदत केंद्र उभं करणं आणि देणाऱ्याचा हात पकडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची गरज तेव्हाच पडते जेव्हा पहिलीवर आपलाच विश्वास नसतो. निवारा खरोखर चांगला असेल, तर माणूस फुटपाथवर थांबेलच कशाला? २०२१ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे रस्त्यांवरून भिकारी हटवण्याची मागणी आली होती. न्यायालयानं ती मान्य केली नाही. शिक्षण आणि रोजगार नाही म्हणून माणसं भीक मागतात, उच्चभ्रूंच्या नजरेनं आम्ही याकडे पाहणार नाही, असं न्यायमूर्तींनी म्हटलं.

मागून खाणं ही आपल्या समाजाला परकी गोष्ट नाही. पुण्यात गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागत, वार लावून जेवत, आणि त्यातून शिकून मोठे होत. त्यांना कुणी भिकारी म्हटलं नाही. त्या झोळीला मान होता, कारण झोळीमागची जात वरची होती. वासुदेव, गोंधळी, पिंगळा, डवरी गोसावी यांचं मागणंही परंपरेनं ठरलेलं होतं, पण त्यांच्या वाट्याला मान पहाटेपुरता आला, दिवस उजाडला की संशय. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला गेले होते. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. जमावानं त्या पाचही जणांना ठार मारलं. 'हे लोक टोळीनं काम करतात' हे वाक्य आपण गाडीची काच वर करताना सहज बोलून जातो. राईनपाड्यात तेच वाक्य पाच माणसांच्या अंगावर कोसळलं. तेव्हापासून मी ते पुराव्याशिवाय उच्चारत नाही.

टोळ्या अजिबात नसतातच असं मी म्हणत नाही. मुलांच्या बाबतीत मी वेगळी वागते. सिग्नलवरच्या मुलाच्या हातात मी पैसे ठेवत नाही. शंका आहे म्हणून नव्हे. मूल जितकं जास्त कमावतं तितका त्याचा शाळेचा रस्ता लांबतो म्हणून. मुलाला भीक मागायला लावणं हा बाल न्याय कायद्यानं पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि संकटातल्या मुलासाठी १०९८ हा क्रमांक आहे. पण नुसतं न देऊन भागत नाही. ठाण्याच्या तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ साली सिग्नल शाळा सुरू झाली. समर्थ भारत व्यासपीठ ही संस्था आणि ठाणे महापालिका यांनी ती उभी केली. मराठवाड्यातल्या दुष्काळातून आलेल्या पारधी कुटुंबांची, सिग्नलवर गजरे आणि खेळणी विकणारी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच सिग्नलवर न्यायची, एवढा साधा विचार होता. मुलं आंघोळ करून वर्गात बसली, पुढे त्यांतली काही दहावीही झाली. या शाळेतली आंघोळीची सोय मला पाटी-पुस्तकाइतकीच महत्त्वाची वाटते. ज्यानं कुणी ती आधी केली, त्यानं त्या मुलांकडे खरं पाहिलं होतं.

मोठ्यांना मात्र मी देते. विचारपूस न करता, उपदेश न करता, जमेल तेवढे. पण यालाच मदत म्हणायला मी तयार नाही. हे पैसे आजच्या दिवसाचं भाडं आहेत. उद्या सकाळी माणूस त्याच खांबाला टेकलेला असतो.

त्याला तिथून उठवायचं तर काय लागतं, याचं उत्तर माझ्या मते रोटी-कपडा-मकान या नेहमीच्या क्रमात नाही. पत्ता लागतो. रेशनकार्डाला, बँकेच्या खात्याला, मतदार यादीला, मुलाच्या शाळेच्या दाखल्याला पत्ता लागतो. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधार माणसाला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहत असल्याचा आणि वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा. आजी तीस वर्षांहून अधिक काळ मुंबईत आहे. नवरा नाक्यावर उभा राहून बांधकामावर जायचा, तो गेला. झोपडी दोनदा तुटली, दुसऱ्या खेपेला कागदांची पत्र्याची पेटीही ढिगाऱ्यात गेली. उत्पन्न नाही हे तिच्याकडे पाहून कुणालाही कळतं. निराधारांसाठीच केलेल्या योजनेत ती निराधार असल्याचं सिद्ध करू शकत नाही, कारण ती जिथे निराधार होऊन बसली आहे त्या जागेला घरक्रमांक नाही.

म्हणून निवारा म्हणजे फक्त अंथरूण असं मी मानत नाही. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकानं प्रमाणपत्र दिलं तर त्यावर आधार कार्ड निघू शकतं. आधार निघालं की बाकीची कुलपं उघडू लागतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच शहरांत दर लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असणारा एक निवारा हवा असं बजावलं. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानातही तेच प्रमाण घेतलं : एका निवाऱ्यात शंभर माणसं, माणशी पन्नास चौरस फूट. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख आणि बेघर सुमारे ५७ हजार. हिशेब करा. नियम तंतोतंत पाळला तर १२४ निवारे होतात, त्यांत बारा हजार चारशे माणसं मावतात. उरलेली सुमारे साडेचव्वेचाळीस हजार नियम पाळूनही बाहेरच. आणि मुंबई त्या १२४ च्या जवळपासही गेलेली नाही. एखादा आमदार, एखादा नगरसेवक मतं मागायला दारी येईल तेव्हा विचारायचा प्रश्न हा आहे : आपल्या प्रभागात निवारा कुठे आहे, आणि त्यात बायकांसाठी किती जागा आहेत?

बेघर म्हटलं की आपल्यासमोर एकच चेहरा येतो, तोही मोडायला हवा. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मान्य केलं होतं की माणसं फुटपाथवर राहतात ती काम तिथे जवळ आहे म्हणून. बहुतेक बेघर भीक मागत नाहीत, राबतात. परळलाच टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर झोपलेली कुटुंबं पाहा. कुणी विदर्भातून आलेलं, कुणी बिहारमधून, कुणी बंगालमधून. गावी त्यांना घर आहे, कदाचित दोन एकर जमीनही आहे किंवा होती. केमोथेरपीच्या दोन तारखांमध्ये परत जाणं परवडत नाही, म्हणून ती इथे आडवी होतात. त्यांना काम देऊन, समुपदेशन करून काय उपयोग? त्यांना तीन महिने छप्पर आणि एक स्टोव्ह हवा. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा, परळमधलं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, यांनी हे नेमकं ओळखलं. गाडगेबाबांनी सांगितलेल्या कामांत भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा, रोग्याला औषध आणि बेकाराला रोजगार ही चार कामं वेगवेगळी मोजली आहेत. आपण पहिलंच उचललं, कारण ते स्वस्त आहे आणि एका दुपारी उरकतं.

आणखी कुणाला यांतलं काहीच पुरत नाही. जटा वाढलेला, स्वतःशी बोलणारा, अंगावर चार शर्ट चढवलेला माणूस पैसे मागतही नाही. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ पासून अशा मानसिक आजारी माणसांना रस्त्यावरून उचलून उपचार देऊन त्यांच्या घरी पोहोचवण्याचं काम केलं. पुढे कर्जतला त्यांच्या श्रद्धा संस्थेचं केंद्र उभं राहिलं आणि २०१८ मध्ये भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उपचारांनंतर हजारो माणसांना आपलं नाव आठवलं, गाव आठवलं. म्हणजे त्यांना पत्ता होता, तो आजारानं पुसला होता.

मी काय करते ते सांगते, इतरांनी तसंच करावं असा आग्रह नाही. घरातून निघताना वीस-वीसच्या चार नोटा वेगळ्या ठेवते. मोबाइलनं पैसे द्यायची सवय लागल्यापासून खिशात रोख उरतच नाही, आणि 'सुट्टे नाहीत' हे आता खरं झालं आहे. त्या खरेपणाचा सगळा भार हात पसरणाऱ्यावर पडतो. सगळ्यांना देणं जमत नाही, म्हणून एका-दोघांशीच ओळख ठेवते. नाव विचारते, आपलं सांगते. शंभर माणसांना दहा-दहा रुपये देण्यापेक्षा एका माणसाबरोबर सहा वेळा कचेरीत जाणं जास्त कामाचं आहे असं आता मला वाटू लागलं आहे, कारण कचेरीत जायला अंगावर बरे कपडे, भाषा आणि 'पुन्हा या' ऐकायची ताकद लागते. ती माझ्याकडे आहे, आजीकडे नाही.

आम्ही गेलो. खिडकीपलीकडचा कारकून वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली. अर्ज पुढ्यात ओढून विचारलं, "पत्ता?" मी गप्प राहिले. आजी म्हणाली, "पुलाखाली, चौदावा खांब. समद्यांना ठावं हाय." त्यानं पेन खाली ठेवलं.

आता आधी निवारा, मग आधार, मग पुन्हा तीच खिडकी, असं ठरलं आहे. बायकांचा निवारा लांब आहे. आजी तिथे जायला कचरते. तिथे औषध उधार देणारा पानवाला नाही, राखण करणारी शेजारीण नाही. येत्या मंगळवारी पाहून तरी येऊ म्हणते. तिच्या दोन अटी आहेत. गाठोडं बरोबर न्यायचं, आणि नाहीच जमलं तर परत येता यावं म्हणून चौदाव्या खांबाची जागा शेजारणीनं पंधरा दिवस धरून ठेवायची. शेजारीण कबूल झाली आहे. दिवसाला वीस रुपये मागते. ते मी देणार आहे.